१५ वर्षं जुनी गाडी, दोन राहिलेले रिकॉल आणि अडीच महिने : नागपूरच्या नोंदी

गाडी २०१० ची पेट्रोल सेडान, मी दुसरा मालक, २०१७ मध्ये अमरावतीच्या एका गृहस्थांकडून घेतली, नंबर अजून एमएच २७ च आहे. किलोमीटर १,१८,०००. कंपनीचं आणि वर्कशॉपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भांडण काढायचं नाहीये, ज्याची जुनी गाडी आहे त्याला रस्ता कळावा म्हणून लिहून ठेवतोय.

५ एप्रिल २०२५

ऑगस्टमध्ये आरसीची १५ वर्षं संपतात, पुढच्या ५ वर्षांसाठी रिन्यू करायची म्हणून कागद काढून बसलो होतो. भाचा आला होता, तो म्हणाला मामा तुमच्या गाडीचा रिकॉल चेक केला का कधी (रिकॉल म्हणजे पार्टमध्ये दोष निघाला की कंपनी गाडी परत बोलावून तो फुकटात बदलून देते ते). म्हटलं रिकॉल नव्या गाड्यांचे असतात बे, आपल्या म्हातारीला कोण बोलावते. त्यानं मोबाइलवर कंपनीचं रिकॉलचं पान उघडून दिलं, तिथं चेसिस नंबर टाकायचा असतो. टाकला, "या नंबरवर कोणताही रिकॉल नाही" असं आलं. झालं, चहा घेतला, विषय बंद.

६ एप्रिल

विषय बंद नव्हता. रात्री डोक्यात किडा वळवळत होता म्हणून सकाळी परत पाहिलं. आरसीचं कार्ड घासून पुसट झालंय, त्यावरून वाचताना मी एके ठिकाणी शून्याऐवजी ओ टाकला होता. नंतर कळलं की १७ अक्षरांच्या चेसिस नंबरमध्ये आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, म्हणजे गोल दिसलं की ते शून्यच आणि उभी काडी दिसली की एकच. आणि ते पान नंबर चुकीचा आहे असं सांगत नाही, सरळ "रिकॉल नाही" म्हणून मोकळं होतं. एमपरिवाहन ॲपमध्ये नंबर अर्धा झाकलेला दिसतो, त्याचा उपयोग नाही. विमा पॉलिसीवर मात्र स्वच्छ छापलेला असतो, तिथून घ्या.

बरोबर नंबर टाकल्यावर तीन ओळी आल्या. ड्रायव्हरच्या बाजूचा एअरबॅग इन्फ्लेटर : २०१६ मध्ये झालेला. शेजारच्या सीटचा एअरबॅग इन्फ्लेटर : बाकी. पॉवर विंडोचा मास्टर स्विच : बाकी.

शेजारची सीट म्हणजे आमच्या आईची सीट. आठ वर्षं ती तिथंच बसून राहिली.

इन्फ्लेटर म्हणजे एअरबॅगच्या मागचा धातूचा डबा, धडक झाली की त्यातलं रसायन पेटून गॅस होतो आणि पिशवी फुगते. टाकाटाचं प्रकरण जगभर गाजलं ते याच्यावरूनच, त्यांच्या डब्यात अमोनियम नायट्रेट होतं, वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन ते बिघडतं, मग पेटताना इतका जोर करतं की डबाच फुटतो आणि पत्र्याचे तुकडे माणसाच्या अंगावर. कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण डबे गाड्यांत राहिलेच. आता आमची गाडी मे महिन्यात ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर उभी, आणि त्याच्यापुढे चार महिने पावसाळा. दोन्ही खुराक बरोबर मिळालेले.

आईला सांगितलं की आजपासून मागे बसायचं. "काहून?" म्हणाली. सांगितलं. म्हणे, "मग तू कायले पुढे बसून राहिला?" म्हटलं माझ्या बाजूचा बदललेला आहे.

८ एप्रिल

अमरावतीच्या गृहस्थांना फोन केला. म्हणाले हो, दोन-तीन पत्रं आली होती कंपनीची, त्यांना वाटलं सर्व्हिस कॅम्पची जाहिरात असेल, रद्दीत गेली. बरोबरच आहे, कंपनीकडे अजून त्यांचाच पत्ता आणि त्यांचाच मोबाइल. गाडी सेकंड हँड घेतली की आपण आरटीओत नाव बदलतो, विम्यात बदलतो, कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये बदलायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

मग टोल फ्री. दोन वेळा कट झाला, तिसऱ्यांदा लागला, एकूण १ तास २० मिनिटं. आरसीची कॉपी मेल करायला सांगितली, नाव नंबर बदलतो म्हणाले. यात पैसा लागत नाही, फक्त कान तापतो.

११ एप्रिल

अर्धी सुट्टी टाकून वर्धा रोडकडच्या वर्कशॉपमध्ये गेलो. ही पहिली मोठी चूक, पार्ट आहे का हे न विचारता गेलो. काउंटरवरचा पोट्टा छान बोलत होता, "भाऊ पार्ट स्टॉकमध्ये नसतो ना, तुमच्या चेसिस नंबरवर बोलवावा लागते, येऊन जाईल आठ-दहा दिवसांत."

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. मी आदल्या रात्री नियम वाचून प्रिंट काढून नेली होती, की १ एप्रिल २०२१ पासून केंद्रानं रिकॉल सक्तीचा केलाय, कंपनीनं नाही केलं तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. छाती फुगवून टेबलावर ठेवली. मॅनेजर आले, चष्मा लावून वाचलं आणि शांतपणे म्हणाले, भाऊ याच्यात गाडी ७ वर्षांच्या आतली पाहिजे असं आहे, तुमची १५ ची आहे, तुमचं काम कंपनी स्वतःहून करून देऊन राहिली. पुढची ओळ मी वाचलीच नव्हती. प्रिंट घडी करून खिशात. म्हणून सांगतो, जुन्या गाडीसाठी नियमाचा दांडा दाखवू नका, कंपनीच्या स्वतःच्या पानावरचा "बाकी" हा शब्द दाखवा, तो जास्त चालतो.

जॉब कार्डवर, म्हणजे काय काय काम करायचं त्याच्या कागदावर, सही करायच्या आधी वाचलं म्हणून वाचलो, त्यात वॉशिंग ४५० आणि जनरल चेकअप ९०० आपोआप टाकलेलं होतं. दोन्ही पेननं खोडायला लावलं. कार्डावर लिहून घेतलं "रिकॉल, दोन कामं, विनामूल्य, पार्ट ऑर्डर केला" आणि तारीख.

ड्रायव्हरच्या बाजूचंही विचारून घेतलं, कारण काही देशांत पहिल्यांदा बदललेले इन्फ्लेटरही त्याच जातीचे निघाले आणि परत बदलावे लागले. त्यांनी २०१६ चा पार्ट नंबर काढून पाहिला, परत बदलायची गरज नाही म्हणाले. ते पण कार्डावर लिहून घेतलं.

२२ एप्रिल

दहा दिवस झाले, फोन नाही. मध्ये १३ ला रविवार, १४ ला आंबेडकर जयंती, ते दोन दिवस मी धरलेच नव्हते, पण तरी. मी फोन केला तर तो पोट्टा सुट्टीवर, दुसऱ्याला माझी ऑर्डर सापडेना. जॉब कार्डचा नंबर सांगितल्यावर सापडली. ऑर्डर टाकलीच नव्हती. माझ्यासमोर टाकतो म्हणाला, फोनवर समोर कसं ते त्यालाच माहीत. ऑर्डर नंबर मेसेज करा म्हटलं, केला. ११ दिवस वाया.

६ मे

पार्ट आला असा फोन. फक्त इन्फ्लेटरचा, स्विचचा नाही. ९ तारीख घेतली, सकाळी साडेनऊची, म्हणजे उन्हाच्या आधी.

८ मे

गाडी अशी घाण कशी न्यायची म्हणून घरीच व्हॅक्यूम मारला, सीटा पुढे मागे करून खालचे चिवड्याचे दाणे, संत्र्याच्या बिया, एक रुपयाची तीन नाणी सगळं काढलं. हे इथं लिहिलंय कारण पुढे याचंच बिल भरलंय.

९ मे

मी मागे लागून शेडमध्ये उभा राहिलो, एरवी काचेपलीकडे बसवतात. काम करणारे जुने टेक्निशियन होते, पन्नाशीचे. गाडीत डोकं घातलं आणि थांबले. डॅशबोर्डवर आमचा गणपती, बरोबर एअरबॅगच्या झाकणावर, डबल टेपनं चिकटवलेला. टेकडीच्या गणपतीसमोर पूजा करून आईनं २०१७ मध्ये लावलेला. ते म्हणाले, "भाऊ, हा काढा तुम्हीच, मी हात नाही लावत."

काढायला बसलो. आठ वर्षांच्या उन्हानं टेप दगड झाला होता. ओढला तर डॅशचं प्लास्टिक वर येऊ लागलं. मग त्यांनी दोरा आणून दिला, तो मूर्तीखालून करवतीसारखा इकडून तिकडून फिरवायचा, पाच-सात मिनिटांत मूर्ती सुटली. खाली रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग राहिला. ते म्हणाले की बॅग उघडली ना भाऊ, तर देव गोळीसारखा मागे येते, आणि समोर आई बसली आहे. मूर्ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

नंतरचं काम असं. आधी स्टिरिओचा कोड आहे का विचारलं, मी म्हटलं कशाचा कोड (हे पुढे येईल). बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि ते चक्क घड्याळ बघत बसले. मी म्हटलं करा ना सुरू. म्हणाले बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये चार्ज उरते, ते उतरू द्यायचं, नाहीतर काढता काढता फुटते. मग ग्लोव्ह बॉक्स खाली उतरवला, मागून पिवळा कनेक्टर काढला. हात लावायच्या आधी दरवेळी गाडीच्या पत्र्याला हात टेकवत होते, अंगातली स्टॅटिक वीज उतरावी म्हणून. बॅग बाहेर आल्यावर तोंड वर करून टेबलावर ठेवली, कधीही पालथी नाही. जुना इन्फ्लेटर काढला, पावाच्या लादीएवढं लांबट काहीतरी, दिसायला एकदम निरागस. त्याचा बारकोड स्कॅन करून खोक्यात पॅक केला, कंपनीकडे परत जातो, भंगारात जात नाही. मला जुना पार्ट पाहिजे होता दाखवायला, देत नाहीत, आणि बरोबर आहे.

खरं काम एक तासाचं, आमचं गणपतीसकट अडीच तास. बिल शून्य. यूट्यूबवर पाहून हे घरी करायचा विचार कोणाच्या मनात असेल तर माझी हात जोडून विनंती आहे, नका करू, फुकटात होतंय.

९ मे, संध्याकाळ

घरी येताना लक्ष गेलं, मीटरमध्ये एसआरएसचा, म्हणजे एअरबॅगचा, लाइट चालूच. चावी फिरवल्यावर लागून काही सेकंदांत विझायला पाहिजे, हा विझतच नाही. लाइट लागलेला असला म्हणजे एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. म्हणजे सकाळी गाडीत धोकादायक बॅग होती, आता कदाचित बॅगच नाही. चिडून फोन केला, उद्या या म्हणाले.

१० मे

काउंटरवाल्यानं गाडी न बघता सांगितलं, जुनी गाडी आहे, एसआरएसचं युनिट गेलं असेल, १८,५०० चं एस्टिमेट देतो. मी म्हटलं काल तुम्ही हात लावला, आज युनिट गेलं, हे काय करून राहिले तुम्ही. आवाज चढला माझा, खोटं कशाला बोलू. शेवटी म्हटलं आधी स्कॅनर लावा, बिघाडाचा कोड काय येतो दाखवा, मग बोलू. स्कॅनिंगचे ५०० अधिक जीएसटी, ५९० रुपये.

कोड आला ड्रायव्हर सीटच्या बेल्टच्या बकलचा. नव्या इन्फ्लेटरशी काही संबंध नाही. कालचेच टेक्निशियन आले, गुडघ्यावर बसून सीटखाली हात घातला आणि विचारलं, "सीट कोणी हलवली होती?"

मी. व्हॅक्यूमच्या नळीनं सीटखालचा पिवळा कनेक्टर अर्धा ओढला गेला होता. त्यांनी बॅटरी काढून, थांबून, टक करून बसवला, कोड क्लिअर केला, लाइट विझला. दहा मिनिटं. काउंटरवाल्याला सॉरी म्हणालो, त्यानं पण १८,५०० चा कागद गुपचूप फाडला. ५९० माझ्या मूर्खपणाचे, मागितले नाहीत परत.

एवढं लक्षात ठेवा, गाडीत पिवळी वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला की तो एअरबॅगचा, तिथं व्हॅक्यूम नाही, ओलं फडकं नाही, मल्टिमीटर तर अजिबात नाही. आणि दुरुस्तीला गाडी द्यायच्या आधी मीटरचा, चावी फिरवून, व्हिडिओ काढून ठेवा. मी काढला असता तर तो लाइट ९ तारखेला सकाळीच लागलेला होता हे मलाच कळलं असतं.

२४ मे

आता मास्टर स्विच. हा ड्रायव्हरच्या दारावरचा चार काचांचा स्विच. रिकॉलचं कारण असं की काच उघडी राहून पावसाचं पाणी आत गेलं तर स्विच आतून शॉर्ट होऊन गरम होतो, धूर निघू शकतो, आगही लागू शकते. हे वाचल्यावर मला २०१९ चा पावसाळा आठवला. काच दोन बोटं उघडी राहिली होती, सकाळी स्विच मेला होता आणि दारातून जळकट वास येत होता. तेव्हा बाहेरच्या इलेक्ट्रिशियनकडून डुप्लिकेट स्विच बसवला, १,८०० घेतले होते. हेच काम फुकटात होतं आणि वास म्हणजे नेमकी तीच भानगड, पण कळायला मार्ग नव्हता. मार्ग होता खरं तर, मी विचारलं नाही.

वर्कशॉपनं दार उघडून पाहिलं आणि म्हणाले गाडीत कंपनीचा स्विच नाहीच, रिकॉल ओरिजिनल पार्टचा असतो, आम्ही क्लेम कसा टाकणार. इथं माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी घेऊन परत.

२५ मे

माळ्यावर चढलो. बायको म्हणे या उन्हात माळ्यावर मरायला चालले का. आमच्याकडे जुना स्क्रू पण फेकत नाहीत, हा गुण की दुर्गुण यावर घरात एकमत नाही. तिसऱ्या बिस्किटाच्या डब्यात, जुने प्लग, तुटका आरसा आणि ट्यूबलाइटच्या चोकसोबत तो २०१९ चा स्विच सापडला. एका कोपऱ्यात प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, मागे पार्ट नंबरचं स्टिकर शाबूत.

२६ मे

डबा घेऊनच गेलो. मॅनेजरनं स्विच उलटा सुलटा केला, वितळलेला कोपरा बघून जरा गप्प झाले. फोटो काढले, कंपनीला मेल टाकतो म्हणाले. मी म्हटलं मेलमध्ये मलाही ठेवा. ठेवलं.

४ जून

कंपनीनं मान्य केलं. जुना स्विच जमा करायचा, नवा फुकट. २०१९ चे १,८०० मिळतील का विचारलं, बिल आहे का म्हणाले. बिल कुठून असणार, त्या भाऊनं पावती म्हणून मोबाइल नंबर दिला होता.

१३ जून

स्विच बसला, पाऊण तास. यावेळी पार्ट आहे ना हे दोनदा विचारून, मीटरचा व्हिडिओ काढून, सीटखाली बोट न लावता गेलो. बॅटरी परत काढली होती म्हणून ड्रायव्हरची ऑटो काच एका झटक्यात वर जाईना, काच पूर्ण खाली आणि पूर्ण वर करून शेवटी स्विच दोन सेकंद धरून ठेवल्यावर जमलं. आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) पण थोडं वरखाली होत होतं, एसी, लाइट बंद ठेवून दहा मिनिटं नुसती चालू ठेवली, बसलं जागेवर. घरी येताना प्रताप नगरला सर आली, मी मुद्दाम काच उघडी ठेवली नाही, एवढं धाडस नाही.

२३ जून

सहज म्हणून कंपनीचं पान पुन्हा पाहिलं. एअरबॅग "झाले", स्विच "बाकी". फोन केला तर म्हणे जॉब कार्ड बंद केलं पण कॅम्पेन, म्हणजे रिकॉलची नोंद, बंद करायचं राहिलं. हे खुसपट वाटेल, पण उद्या गाडी विकताना समोरच्यानं नंबर टाकला तर त्याला "बाकी"च दिसणार. दुसऱ्या दिवशी दुपारी हिरवी टिक आली, स्क्रीनशॉट काढला, दोन्ही जॉब कार्डांसोबत प्रिंट करून ग्लोव्ह बॉक्समध्ये.

आतापर्यंत लागलं ते : पार्ट आणि मजुरी शून्य, स्कॅनिंग ५९०, वर्कशॉपच्या सहा फेऱ्यांचं पेट्रोल साधारण १,१००, झेरॉक्स आणि प्रिंट ६०, तीन अर्ध्या सुट्ट्या. आरसी रिन्यूची फी ५,००० वेगळी, ती कशीही लागणारच होती, आणि तिथं रिकॉलचं कोणी विचारत नाही, मी खिडकीवर स्वतःहून कागद दाखवला तर बाईंनी परत सरकवला.

२९ जून

कॉलनीत बातमी पसरली. गच्चीवर तर्री पोहे खाता खाता सात जणांचे चेसिस नंबर टाकून पाहिले, विमा पॉलिसीवरूनच. दोन गाड्या निघाल्या, त्यातली एक समोरच्या काकांची, त्यांच्या दोन्ही एअरबॅग बाकी. काका म्हणाले गाडी तर मस्त चालून राहिली. काकूंनी प्लेट खाली ठेवली आणि वर्कशॉपचा नंबर माझ्याकडून लिहून घेतला.

गणपती आता मीटरच्या वरच्या खाचेत बसतो, कशाच्याही झाकणावर नाही, चुंबकावर आहे. आई पुढे बसायला लागली, बसल्या बसल्या आधी त्या काळ्या डागाला नमस्कार करते, सवयीनं. आणि स्टिरिओ अजून कोड मागतोय. अमरावतीच्या गृहस्थांना विचारलं, त्यांनी सांगितलं कोडचं कार्ड मूळ मॅन्युअलमध्ये होतं आणि मॅन्युअल बहुतेक पत्रांसोबतच गेलं. वर्कशॉपवाले म्हणतात स्टिरिओ बाहेर काढून सिरियल नंबर द्या, मग कोड मिळेल, डॅश उघडायचे ६०० लागतील. बघू पुढच्या पगाराला.